सासूबाई आणि शॉकॲब्सॉर्बर

माझी मोटरसायकल डावीकडे जाते, हे मला सासूबाईंनी सांगितलं. आम्ही बंडगार्डनच्या पुलावर होतो आणि त्या मागून शांतपणे म्हणाल्या, "अहो, आपल्याला नदीत जायचंय का?"

"नाही आई, बुधवारात."

"मग तसं गाडीला सांगा."

मी मूळचा विदर्भातला. नोकरीसाठी पुण्यात आलो, खराडीत कामाला लागलो आणि लग्नही इथल्याच मुलीशी केलं. बायको एकुलती एक, त्यामुळे सासरे गेल्यावर सासूबाई आमच्या येरवड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. दर शनिवारी त्यांना मोटरसायकलवरून बुधवार पेठेत न्यायचं काम माझ्याकडे. अधिकृत कारण गणपतीचं दर्शन. दर्शन अर्ध्या तासात आटपायचं. मग त्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर, मैत्रिणीकडे, रमी खेळायला जायच्या. संध्याकाळी मी त्यांना खालून हाक मारायची. रमीचं मला माहीत होतं, बायकोलाही माहीत होतं. घरात मात्र आम्ही तिघंही "दर्शनाला फार गर्दी होती" एवढंच बोलायचो. रिक्षा त्यांना चालत नसे. रिक्षावाले उलट बोलतात, असं त्यांचं म्हणणं. कोण आधी बोलतं हे मी एकदा पाहिलं होतं, पण त्यात पडलो नाही.

गाडीचं दुखणं मात्र खरं होतं. सासूबाई मागे बसल्या की गाडीची शेपटी खाली जायची आणि तोंड वर. संध्याकाळी परत येताना हेडलाइटचा उजेड रस्त्यावर न पडता लोकांच्या पहिल्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचा. स्पीडब्रेकरवर मागून ठक् असा आवाज यायचा, आणि त्यानंतर सासूबाईंचा. हँडल हलकं लागायचं, म्हणजे पुढचं चाक जमिनीवर टेकलंय की नुसतं सोबत येतंय, कळू नये असं. त्यात त्या साडी नेसून एका बाजूला बसायच्या. दोन्ही पाय डावीकडे, मांडीवर पर्स. त्यामुळे गाडी डावं वळण सांगायच्या आधीच घ्यायची आणि उजवं वळण सांगूनही घ्यायची नाही.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने सीटवर दोनदा जोर दिला आणि म्हणाला, "शॉक चांगले आहेत. आईंना जरा पुढे सरकून बसायला सांगा." हा निरोप मी पोचवला नाही. दुसऱ्या मेकॅनिकने मागच्या चाकात एवढी हवा भरली की ते दगडासारखं झालं. त्या शनिवारी सासूबाई घरी येऊन सोफ्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "जहांगीरच्या सिग्नलला रस्त्यावर एक शेंगदाणा पडला होता. मला कळला."

शेवटी मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला विचारलं. तो दर सुट्टीला मोटरसायकल घेऊन कुठल्या तरी घाटात जातो आणि सोमवारी त्याबद्दल बोलतो. त्याने मला कँटीनमध्ये बसवून दोन चमचे आणि एका पावाने सगळं समजावलं.

"हे बघ, शॉकॲब्सॉर्बरमध्ये स्प्रिंग असते. तू बसलास की ती दबते. थोडी दबली पाहिजे, नाहीतर चाक खड्ड्यात उतरणारच नाही. फार दबली तर पुढच्या खड्ड्याला दबायला काही उरत नाही. गाडी बसल्यावर किती खाली जाते, त्याला सॅग म्हणतात. साधारण एकूण हालचालीच्या एक तृतीयांश. तुझी किती जाते?"

"सगळी."

"मागे कोण बसतं?"

"सासूबाई."

"वजन?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं लग्न झालं नव्हतं.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "तू विचार."

"माझी आई आहे, म्हणून तर विचारणार नाही," ती म्हणाली.

मग मीच जेवताना विषय काढला. गाडीची स्प्रिंग, तिचा ताण, रस्त्यावरची सुरक्षितता, असं लांबून वळसा घेत गेलो आणि म्हणालो, "तर आई, तुमचं वजन अंदाजे..."

सासूबाईंनी आमटीची वाटी खाली ठेवली. "आमच्या वेळी मुलगी बघायला बारा माणसं आली होती. पोह्यात मीठ कमी आहे म्हणाले, रंग सावळा आहे म्हणाले. वजन कोणी विचारलं नाही. तुमच्याकडे विचारतात का?"

"नाही, आमच्याकडेही नाही."

"मग हे कुठलं?"

सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, वजन कळायची गरजच नाही. गाडी मेनस्टँडवर लावायची, मागचं चाक मोकळं लोंबू द्यायचं, चाकाच्या मध्यापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेप धरायची. मग गाडी स्टँडवरून काढून दोघांनी तिच्यावर बसायचं आणि परत मोजायचं. किती खाली गेली तेवढाच फरक.

त्या रविवारी सकाळी आम्ही तिघं पार्किंगमध्ये उतरलो. बायकोने शिवणकामाची टेप आणली होती. मी पुढे बसलो, सासूबाई मागे. शनिवारी नेसतात तशीच साडी त्या मुद्दाम नेसल्या होत्या, कारण प्रयोग करायचा तर नीट करायचा असं त्यांचं मत होतं. पर्सही आणली होती. पण पाय वर घेऊन बसलं की गाडी कलायची, आणि मी पाय टेकवले की माझं वजन गाडीवर राहायचं नाही. पुढून हँडल धरायला कोणी तरी हवं होतं.

तेवढ्यात सोसायटीचे सचिव आले. निवृत्त माणूस, भूमापन खात्यात आयुष्य गेलेलं. पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई आहे, हा नियम त्यांनीच केलेला.

"हे काय चाललंय?"

"सासूबाईंना मोजतोय," माझ्या तोंडून गेलं.

"दुरुस्ती इथे करता येणार नाही."

सासूबाई सीटवरूनच म्हणाल्या, "दुरुस्ती कुठे दिसतेय? मी बसलेय. बसायला मनाई आहे का?"

सचिवांनी विचार केला. बसण्याविषयी नियम नव्हता. "नाही, पण..."

"मग हँडल धरा."

त्यांनी धरलं. बायकोने वाकून टेप लावली आणि आकडा सांगितला. सचिव म्हणाले, "टेप तिरकी आहे." तिने पुन्हा लावली. "आता खूण वेगळी घेतलीत." मग त्यांनी हँडल बायकोच्या हातात दिलं, घरी जाऊन स्वतःची लोखंडी टेप आणि पाण्याचा बुडबुडा असलेली लेव्हल-पट्टी घेऊन आले आणि फरशीला कुठे उतार आहे ते आधी तपासू लागले. गाडी दोनदा हलवली. आम्ही जवळजवळ लिफ्टच्या दारात पोचलो. लिफ्टमधून उतरणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. कुणी काही विचारलं नाही. येरवड्यात माणसांनी बरंच काही बघितलेलं असतं.

"ताई, पर्स बाजूला ठेवा," सचिव म्हणाले.

"पर्स माझ्याबरोबरच जाते. तिला धरूनच मोजा."

"आत काय आहे?"

"छत्री, पाण्याची बाटली, चष्मा, दुसरा चष्मा, आणि नारळ."

"नारळ परत आणता?"

"अर्धा."

सचिवांचा चेहरा गंभीर झाला. "म्हणजे जातानाचं माप वेगळं आणि येतानाचं वेगळं."

त्यावर त्यांची आणि सासूबाईंची बरीच चर्चा झाली. प्रसादाचे पेढे नारळाची तूट भरून काढतात, असं शेवटी ठरलं. मला मधे उतरायची परवानगी नव्हती.

माप घेऊन झालं आणि मी शॉकॲब्सॉर्बरकडे वाकून पाहिलं. दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या तळाशी एक कडं असतं, त्याला पायऱ्यांसारख्या खाचा असतात. हुकाच्या पान्याने कडं फिरवलं की स्प्रिंग आवळली जाते. उजवीकडचं कडं चौथ्या खाचेवर होतं, डावीकडचं दुसऱ्या. गाडी आधीच डावीकडे लंगडत होती आणि त्यात सासूबाईही डावीकडे. कोणत्या मेकॅनिकचा हा पराक्रम, कळायला मार्ग नव्हता.

सचिव म्हणाले, "उलटं करा. ताई डावीकडे बसतात, तर डावी बाजू वर घ्या. साधा हिशोब."

मला ते पटलं. मी सहकाऱ्याला फोन लावला. तो फोनवर ओरडला, "अजिबात नाही! दोन्ही सेम! नाहीतर मागचा सांगाडाच पिळला जाईल. त्यांना दोन्हीकडे पाय टाकून बसायला सांग." फोन स्पीकरवर होता.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे गाडी सुधारायची नाही. मला सुधारायचं." आणि उतरून लिफ्टने वर गेल्या.

मला वाटलं, आता शनिवार संपले. चार दिवस त्या माझ्याशी मोजकं बोलल्या. पाचव्या दिवशी घरी एक पार्सल आलं. बायकोने उघडलं, आत दोन पंजाबी ड्रेस होते, एक निळा आणि एक काळ्यावर पिवळे ठिपके. बायको म्हणाली, "हे माझ्या मापाचे नाहीत." सासूबाई आतून म्हणाल्या, "तुझे आहेत असं कोण म्हणालं?"

आयुष्यात त्यांनी साडीशिवाय काही घातलं नव्हतं. शनिवारी निळा ड्रेस घालून त्या खाली आल्या, सीटला हात टेकवला, पाय पलीकडे टाकला आणि बसल्या. मी दोन्ही कडी चौथ्या खाचेवर नेली होती. निघालो. पुलावर गाडी सरळ गेली. स्पीडब्रेकरवर आवाज आला नाही, ना गाडीचा ना त्यांचा. जहांगीरच्या वळणावर गाडी अशी वळली, की मला क्षणभर वाटलं मी दुसऱ्याच कोणाची गाडी घेऊन आलोय.

"जमलं की," मागून आवाज आला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मोबाइलवर रेसचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. कशासाठी, ते मला शनिवारी कळलं. मी उजवीकडे वळलो आणि गाडी माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच जास्त झुकली. मागे वळून पाहिलं तर सासूबाई वळणाच्या आत कललेल्या, गुडघा बाहेर काढलेला.

"आई! इतकं नको!"

"तुम्ही समोर बघा. मागचं मी बघते."

पण दरम्यान वेगळंच सुरू झालं होतं. पहिल्या शनिवारनंतरच्या सोमवारी मी एकटा खराडीला निघालो आणि गाडी बकरीसारखी उड्या मारू लागली. दोघांसाठी आवळलेली स्प्रिंग एकट्याला दाद देत नव्हती. नगर रोडवर मी सीटवर कमी आणि हवेत जास्त होतो. सहकारी म्हणाला, एकटा असशील तेव्हा कडी दुसऱ्या खाचेवर आण. आणली. उजवीकडे सायलेन्सर आडवा येतो, पाना निसटतो आणि बोटांची सालं जातात. शनिवारी वर, सोमवारी खाली, असं दोन आठवडे केलं आणि माझे हात पाहून ऑफिसात लोक विचारू लागले, घरी सगळं ठीक आहे ना.

सचिवांना मी हे बोललो ती माझी चूक. ते म्हणाले, "अहो, सोपं आहे. ताई नसतात तेव्हा त्यांच्याऐवजी काही तरी ठेवा."

बायकोने वर्षाचा गहू भरून ठेवला होता. रविवारी एक रिकामं पोतं मागच्या सीटवर बांधलं, मी पुढे बसलो, बायकोने हँडल धरलं, आणि सचिव डब्याने पोत्यात गहू ओतत आणि टेप बघत राहिले. टेपचा आकडा सासूबाईंच्या आकड्याशी जुळला तेव्हा त्यांनी डबा खाली ठेवला. "झाल्या ताई," ते म्हणाले.

सासूबाई गॅलरीतून बघत होत्या. त्या खाली आल्या. पोत्याभोवती एक फेरी मारली.

"ही मी?"

"सॅगच्या दृष्टीने," सचिव म्हणाले. आणि मग, फार विचार न करता, "किती भरलं बघू या. काटा आणतो वरून."

ते लिफ्टकडे निघाले आणि मधेच थांबले. काय होणार आहे ते आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. इतके दिवस ज्याला कोणी हात लावला नव्हता तो आकडा आता पोत्यात भरून, सुतळीने बांधून, सीटवर ठेवलेला होता.

"काटा घरातच असू दे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सुतळी सोडली, डबा घेतला आणि गहू बाहेर काढायला सुरुवात केली. "ही पर्स. हा नारळ. ही छत्री."

"ताई, पर्स धरूनच माप घेतलं होतं. पर्स काढली तर..."

"आणि तेव्हा मी साडीत होते. हा साडीचा फरक." दोन डबे. "आणि हा दिवाळीनंतरचा." आणखी एक. मग सुतळी बांधून त्या म्हणाल्या, "आता बरोबर आहे."

टेप काय म्हणते ते कोणी पाहिलं नाही. सचिवांनी आयुष्यात अनेक जमिनींची मापं अशीच स्वीकारली असावीत.

दुसऱ्या दिवशी मी पोतं घेऊन ऑफिसला गेलो. गाडी छान चालली. गेटवर गार्डने अडवलं. "सर, इसमें क्या है?"

"गेहूं."

"किसलिए?"

"बैलेंस के लिए."

त्याने वरिष्ठाला बोलावलं. तो निघाला आमच्याकडचा. पोत्याला हात लावून म्हणाला, "काहून साहेब, दळन घेऊन ऑफिसले आले काय?"

खूप दिवसांनी गावची बोली कानावर पडली आणि मी खरं ते सांगून टाकलं. "नाही हो. सासूबाईंच्या जागी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. "बराबर आहे," तो म्हणाला आणि दांडा वर केला. मला वाटतं, त्यालाही सासू असावी.

आठवडाभर गहू येरवड्याहून खराडीला जाऊन परत येत होता. शुक्रवारी, परतताना, विमाननगरच्या चौकात सुतळी कुठेतरी घासून तुटली. मला पत्ता नव्हता. गाडी हळूहळू उसळायला लागली तेव्हा मी आरशात पाहिलं, तर मागे सिग्नलपासून गव्हाची रेघ आणि त्या रेघेवर उतरलेली कबुतरं. मागच्या गाड्या कबुतरांना हॉर्न वाजवत होत्या.

घरी आलो तर सासूबाई दारातच होत्या. त्यांनी लोळागोळा झालेलं पोतं पाहिलं.

"मी सगळी गेले?"

"अर्ध्या गेलात, आई."

"कुठे?"

"विमाननगरला."

त्यांनी पोतं कोपऱ्यात टाकलं. मग पदर खोचून म्हणाल्या, "द्या तो पाना."

मी त्यांना दाखवलं. गाडी मेनस्टँडवर घ्यायची, हुक खाचेत नीट बसवायचा, आणि ढकलायचं नाही, ओढायचं. उजवीकडे सायलेन्सर थंड असतानाच हात घालायचा, हे त्यांचं त्यांनाच सुचलं. मी दोन आठवडे बोटं सोलून घेतली होती, त्याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी पान्याला जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळली, तो निसटायचा बंद झाला.

तेव्हापासून शनिवारी आंघोळ, पूजा, मग पाना. दोन्ही बाजू चौथ्या खाचेवर. संध्याकाळी परतल्यावर, सायलेन्सर निवला की, पुन्हा दुसऱ्यावर. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर धूळ बसली की त्या ओल्या फडक्याने पुसतात, कारण धुळीने आतलं रबरी सील कापलं जातं आणि तेल गळतं, हे त्यांनी रेसच्या व्हिडिओत ऐकलंय. सचिव अधूनमधून टेप घेऊन येतात. त्या त्यांना हँडल धरायला लावतात.

हे इथेच थांबलं असतं. पण गेल्या शनिवारी मी त्यांना न्यायला बुधवार पेठेत गेलो आणि नेहमीप्रमाणे खालून हाक मारली, तर वरून रमीचा सगळा डाव खाली उतरला. पाच बायका, सगळ्या साठीच्या पुढच्या, आणि दुकानासमोर त्यांच्या मुलांच्या, जावयांच्या, एक नातीची, अशा स्कूटर रांगेने लावलेल्या. एकीने तर साडीखाली सलवार घालूनच ठेवली होती.

दुकानदार बाहेर आला. "काय चाललंय? गिऱ्हाइकाला यायला जागा नाही."

"तुम्ही तुमचे रेडिओ विका," सासूबाई म्हणाल्या. पर्समधून त्यांनी पाना काढला, मग शिवणकामाची टेप काढली आणि टेप माझ्या हातात दिली. पहिल्या बाईंनी चप्पल काढली, बाजूला ठेवली आणि स्कूटरवर बसल्या.

"वजन सांगावं लागतं का हो?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"नाही काकू," मी म्हणालो आणि रस्त्यात गुडघा टेकवला.

सासूबाईंनी दुकानदाराकडे बोट केलं. "तुम्ही. रिकामे उभे आहात तर हँडल धरा."